बिनदातांचे लेकरू आणि वऱ्हाडचे ऊन



गेल्या पंधरवड्यात हिवरखेडहून एका आजीबाईंचे पत्र आले. अक्षर नववीत शिकणाऱ्या नातीचे, पण बोल सगळे आजीचे. पत्र चार पाने भरून आहे आणि त्यातले दुःख चार घरांना पुरेल एवढे आहे. आजीबाईंची परवानगी गृहीत धरून, कोणाचेही नाव न घेता, त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. कारण असे लेकरू फक्त हिवरखेडलाच असेल असे नाही. तुमच्याही गावात, भावकीत एखादे असू शकेल.

आजीबाईंचा नातू सव्वादोन वर्षांचा आहे. दीड वर्षाचा होईपर्यंत तोंडात एकही दात नव्हता. मग वरच्या हिरडीत दोन आले, तेही पटाशीसारखे रुंद नव्हेत तर खिळ्यासारखे टोकदार. खाली अजून बोळकेच आहे. डोक्यावरचे केस विरळ आणि भुरे, भुवया नसल्यासारख्या. चैत्र लागला की पोराला ताप भरतो. अंग तव्यासारखे तापते. दोन वेळा रक्त तपासून झाले, हिवताप निघाला नाही, दुसरेही काही निघाले नाही. सगळे म्हणतात, "दाताचा ताप आहे, दात आले की जाईल." पाऊस पडला की लेकरू आपोआप ठणठणीत होते.

आता शेजारीपाजारी म्हणू लागले आहेत की सुनेने पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही, त्या दिवशी विळीवर भाजी चिरली. पाव्हण्यारावळ्यांत सोडचिठ्ठीची आणि मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झाली आहे. आजीबाई विचारतात, "नातवाले दात कधी येतीन? अन् माह्या सुनेचा यात दोष हाये काय, ते खरं खरं सांगा."

पत्राच्या शेवटी आजीबाईंनी नातवाचे कौतुकही लिहिले आहे. लेकरू मोठे स्वच्छ आहे, भर वैशाखातही त्याच्या अंगाला घामाचा थेंब नाही की वास नाही!

आजीबाई, तुम्ही कौतुक म्हणून लिहिलेली ही ओळ वाचून मी दचकलो. साऱ्या पत्रात महत्त्वाची ओळ कोणती असेल तर तीच आहे. दातांचे मागाहून पाहू. आधी घामाचे बोलू या.

माठ आणि पितळेची घागर

उन्हाळ्यात माठातले पाणी गार का राहते, हे तुम्हाला सांगायला नको. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. तेच पाणी पितळेच्या घागरीत भरून ओट्यावर ठेवा, दुपारपर्यंत आंघोळीजोगे होईल. माणसाचे शरीर म्हणजे देवाने घडवलेला माठच आहे. कातडीत लाखो बारीक ग्रंथी आहेत. त्यांतून घाम पाझरतो, तो वाळतो आणि अंग निवते. म्हणून तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आपण नांगरटी करू शकतो.

काही लेकरे मात्र पितळेच्या घागरीसारखी जन्माला येतात. त्यांच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात, किंवा अगदी तुरळक असतात. उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवले की त्यांचे अंग तापत जाते आणि निवायला वाटच नसते. लोकांना तो ताप वाटतो, पण तो रोगाचा ताप नसून कोंडलेली उष्णता असते. तापाच्या गोळीने किंवा औषधाने ती उतरत नाही. सावली, वारा आणि पाणी मिळाले की उतरते. आजीबाई, तुमच्या नातवाचा ताप पंख्याखाली ओल्या फडक्याने उतरतो, असे तुम्हीच लिहिले आहे.

आता तुम्ही म्हणाल, घामाचा आणि दातांचा संबंध काय? संबंध आईच्या पोटातच जुळतो. गर्भ अगदी लहान असताना, दुसऱ्या महिन्यातच, हिरडीच्या जागी दातांची बीजे धरू लागतात. ही बीजे गर्भाच्या ज्या बाहेरच्या थरातून उगवतात, त्याच थरातून पुढे केस येतात, घामाच्या ग्रंथी येतात, नखे येतात. इथे दात उगव, इथे केस उगव, इथे ग्रंथी खोल जाऊ दे, असा एक निरोप त्या थरात फिरावा लागतो. हा निरोप पोचवणारा एक पदार्थ शरीर स्वतः तयार करते आणि तो कसा तयार करायचा याची कृती आपल्याला आईबापांकडून मिळालेल्या जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत एखादी चूक असली की निरोप पोचत नाही. मग दात, केस आणि घाम या तिन्ही गोष्टी एकदमच कमी पडतात.

डॉक्टर मंडळी या आजाराला एक्टोडर्मल डिसप्लेसिया म्हणतात. नाव जड आहे, पण चिठ्ठीवर लिहून ठेवा. डॉक्टरांना दाखवताना उपयोगी पडेल. तुमच्या नातवाला हाच आजार आहे, असे मी पत्रावरून ठामपणे सांगू शकत नाही. लेकरू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान करू नये. पण तुम्ही लिहिलेल्या खुणा त्याच वाटेने नेतात.

दात उशिरा आले म्हणजे लगेच घाबरायचे का?

नाही, मुळीच नाही. इतर मायबहिणींनी हे वाचून उगाच धास्ती घेऊ नये. साधारणपणे सहाव्या महिन्यापासून वर्षाच्या आत पहिला दात दिसतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पुरे होतात. पण एखादे लेकरू चार-सहा महिने मागे राहते. कुपोषणाने, हाडांच्या मुडदूस रोगाने, गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंद असल्यानेही दात उशिरा येतात. या सर्वांवर इलाज आहे. दीड वर्ष झाले आणि एकही दात नाही, असे असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. आणि उशिरा आलेल्या दातांबरोबर विरळ केस, कोरडी कातडी, घाम नाही, कारण न सापडणारा उन्हाळ्यातला ताप, नाकात दाट खपल्या, डोळ्यांभोवती काळसर सुरकुत्या, बसलेले नाक, घोगरा आवाज अशा खुणा असतील तर मुळीच वेळ काढू नये.

वरचे दात आधी आले तर मामाला जड, दात पाहण्याचा मान कोणाचा, असे आपल्याकडे दातांभोवती पुष्कळ समज आहेत. त्यातले गमतीचे तेवढे ठेवा. पण दात येत नाही म्हणून हिरडी नखाने किंवा ब्लेडने चिरणे, त्यावर काहीबाही चोळणे हे प्रकार करू नका. दात यावेत म्हणून कॅल्शियमच्या बाटल्यामागून बाटल्या पाजण्यातही अर्थ नाही. तुम्ही शेतकरी आहात. तासात बी पडलेच नसेल तर खताची गोणी ओतून रोप उगवेल का? आणि बी पडले आहे, पण ढेकळाखाली अडकले आहे, असे असेल तर थोडी वाट पाहावी लागते. तोंडातील बी आहे की नाही, ते एक्स-रे फोटोत दिसते. जरा मोठे झालेले, शांत बसणारे लेकरू असले की हा फोटो सहज निघतो.

सिंधमधील बिनदातांची माणसे

हा आजार नवा नाही, आणि तो ओळखला जाण्यात आपल्या मुलखाचाही वाटा आहे. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असेल. पाळीव जनावरे आणि लावलेली पिके पिढ्यान्‌पिढ्या कशी बदलतात, यावर त्याचा एक मोठा ग्रंथ आहे. त्याच्या 1875 च्या दुसऱ्या आवृत्तीत सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकीकत आहे. वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी ती त्याला कळवली होती. त्या कुटुंबात चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष असे होते की दोन्ही जबड्यांत मिळून त्यांना चार लहान, दुबळे पटाशीचे दात आणि आठ दाढा, एवढेच होते. अंगावर केस नावाला. टक्कल लवकर पडे. उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून त्यांचे हाल होत. नवलाची गोष्ट अशी की त्या घरात एकाही मुलीला हा त्रास नव्हता. पण त्याच मुली सासरी गेल्या की त्यांच्या मुलांमध्ये तो उतरे. बापाकडून मुलात मात्र कधीच उतरला नव्हता.

पुढे 1921 साली थदानी नावाच्या शास्त्रज्ञांनी हैदराबाद-सिंधकडील अशाच बिनदातांच्या माणसांविषयी अमेरिकेतील एका नियतकालिकात लिहिले. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यातच मोडत असे. हे थदानी मूळचे पिकांचे शास्त्रज्ञ. कापसाचे गुण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे उतरतात, हे त्यांच्या अभ्यासाचे काम. कापसाच्या माणसाला माणसांच्या दातांचे कोडे दिसावे, यात नवल वाटू नये. बियाण्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

ते कोडे 1996 साली पुरते उलगडले. त्या वर्षी शास्त्रज्ञांना या आजाराचे जनुक सापडले. ते एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. बाईकडे एक्स गुणसूत्रे दोन असतात, पुरुषाकडे एकच. आपल्या भाषेत सांगायचे तर या कामासाठी मुलीकडे बैलांची जोडी असते आणि मुलाकडे एकच बैल. जोडीतला एक लंगडला तरी दुसरा गाडी ओढून नेतो. म्हणून मुलीला त्रास होत नाही, किंवा थोडाच होतो. एखादा दात कमी, एखादा टोकदार, केस जरा विरळ, एवढेच. मुलाच्या वाट्याला तोच लंगडा बैल आला तर गाडी अडते.

अशा आईच्या प्रत्येक मुलाला हा आजार असण्याची शक्यता निम्मी असते, आणि प्रत्येक मुलगी तो पुढे नेणारी असण्याची शक्यताही निम्मी. नाणे उडवावे तसे हे आहे. एक लेकरू असे झाले म्हणजे पुढचे चांगलेच होईल, किंवा पुढचेही असेच होईल, असे नाही. दर खेपेला नाणे नव्याने उडते. आणि कधीकधी आईकडेही काही नसते. चूक त्या लेकरापासूनच पहिल्यांदा सुरू झालेली असते.

आपल्या देशात याचा आणखी एक प्रकार आढळतो. हैदराबाद येथील डीएनए केंद्रातील संशोधकांनी 2012 साली दाखवून दिले की भारतातील अनेक कुटुंबांत या आजाराच्या मुळाशी एकच जुना बदल आहे, एका पूर्वजाकडून पसरत आलेला. या प्रकारात आई आणि बाप दोघांकडेही तो लपून असतो. दोघांनाही काही त्रास नसतो. दोघांकडून मिळाला तरच लेकराला आजार होतो आणि मग मुलगा-मुलगी असा भेद राहत नाही. अशी शक्यता दर खेपेला चारांत एक. संकरित कपाशीची सरकी राखून दुसऱ्या वर्षी पेरली की एकसारखी झाडे न येता लपलेले गुण वर येतात, तसेच हे समजा. नात्यात लग्ने झाली, मामाची मुलगी किंवा आत्याची सून केली, की एकाच पूर्वजाचे लपलेले बी दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. ज्या घरात असे लेकरू आहे त्यांनी तरी पुढची सोयरीक जवळच्या नात्यात करताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सुनेचा दोष आहे काय?

आता आजीबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. उत्तर एका शब्दात आहे. नाही.

ग्रहणात विळी हाती घेतली म्हणून दातांचे बी जळत नाही. ग्रहण सबंध देशावर लागते आणि त्या दिवशी लाखो पोटुशी बाया रांधतात, चिरतात. त्यांची लेकरे चांगली होतात. ही गोष्ट तर तुमच्या सुनेला आपण पोटुशी आहोत हे कळण्याच्याही आधी ठरून गेली होती.

पण इथे मला एक भीती वाटते, ती स्पष्ट बोलतो. आईकडून मुलाकडे उतरते, एवढेच वाक्य ऐकून कोणी म्हणेल, "म्हणजे दोष तिचाच!" विज्ञानाने कळलेली गोष्ट सुनेला टोचण्याची आर बनू नये. डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण, बुटकेपणा, उंची आपण कोणीच निवडून आणलेली नाही. तिच्या आईकडून तिला आले असेल, त्या आईला तिच्या आईकडून. किंवा कोणाकडूनच आले नसेल. किंवा दुसऱ्या प्रकाराचे असेल, तर निम्मे तुमच्या मुलाकडूनही आले असेल. तपासणीशिवाय कोणालाही बोट दाखवता येत नाही, आणि तपासणीनंतरही दाखवण्यात शहाणपण नाही. बायको असताना दुसरे लग्न करणे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने गुन्हा आहे, हे पाव्हण्यांना सांगाच. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की या लेकराला उन्हातून वाचवणारी पहिली माणसे म्हणजे त्याची आई आणि त्याची आजी. तिलाच घरातून घालवली तर ओले फडके कोण धरणार?

उन्हाळ्याची बेगमी

आता कामाचे. या मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. आयुष्यही इतरांसारखेच असते. धोका आहे तो बहुतांशी पहिल्या काही वर्षांत, आणि तो उन्हाचा. अंग फार तापले तर झटके येतात, मेंदूला इजा होते, जिवावरही बेतते. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. म्हणून इतर गावांपेक्षा आपल्याकडे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

घागरीला माठ कसा करायचा? बाहेरून ओले फडके गुंडाळून. लेकराला घाम नाही, तर घामाचे काम पाण्याने करायचे. पातळ सुती कुडते ओले करून घालावे, वाळले की पुन्हा भिजवावे. डोक्याला ओला रुमाल बांधावा. मोठे झाले की पाण्याची बाटली आणि भिजवलेला गमछा त्याच्या खांद्यावर कायम असावा. दिवसातून दोन-तीनदा आंघोळ घालावी. पाणी पुन्हापुन्हा पाजावे. पत्र्याच्या खोलीत दुपारी निजवू नये. कुडाची, मातीची, कौलारू खोली किंवा निंबाची सावली बरी. कूलर असेल तर उत्तम, नसेल तर खिडकीला ओले गोणपाट लावले तरी चालते. लहान बाळाला टोपी, मोजे, दुपटी यांत गुंडाळून ठेवण्याची आपली सवय या लेकराच्या बाबतीत घातक आहे. अंगात ताप असताना तर पांघरूण मुळीच घालू नये.

वावरात कामाला जाताना लेकराला झोळीत टाकून न्यावे लागत असेल, तर सकाळच्या गारव्यातच काम उरकून परत फिरावे. भर दुपारच्या लग्नात, वरातीत, एस.टी.च्या गर्दीत त्याला नेऊ नये. पाहुणे रागावले तर रागावू द्यावेत.

इतके करूनही एखादे दिवशी अंग सणसणीत तापले, चेहरा लाल झाला, लेकरू आधी किरकिरे आणि मग मलूल झाले, ओकू लागले, तर क्षणभरही थांबू नये. सावलीत आणून कपडे काढावेत, सर्व अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवावीत. शुद्धीवर असेल तरच घोट-घोट पाणी द्यावे. झटका आला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नये. अंग भिजवतच दवाखाना गाठावा. आणि एक लक्षात असू द्या. अशा लेकरालाही हिवताप, न्यूमोनिया हे खरे ताप येतातच. तासाभराच्या गारव्याने जो ताप उतरत नाही, तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

शाळेत घालताना गुरुजींना आधी भेटून सगळे समजावून सांगा. त्याला खिडकीजवळ बसवावे, हवे तेव्हा पाणी पिऊ द्यावे, अंग भिजवू द्यावे, उन्हातल्या कवायतीतून सूट द्यावी. एवढे केले की बाकी सर्व तो इतरांसारखे करील.

आणि दात?

जे बी नाही ते उगवणार नाही, आजीबाई. हे कटू आहे पण खरे आहे. दुधाचे जे दात आले नाहीत, त्यांच्या जागचे पुढचे पक्के दातही बहुधा नसतात. पण दात देता येतात.

तीन-चार वर्षांचे झाले की अशा मुलांना लहानशी कवळी बसवतात. हो, कवळी म्हाताऱ्यांचीच असते असे नाही. सुरुवातीला लेकरू ती फेकून देते, रडते. महिना-दोन महिन्यांत सवय होते. मग त्याला चावता येते, शब्द स्पष्ट येतात, आणि गाल व ओठ बसून म्हाताऱ्यासारखे दिसणारे तोंड भरून येते. शाळेत "बोळक्या" म्हणून हाक येत नाही, हा लाभ लहान समजू नका. जबडा वाढतो तशी कवळी दर काही वर्षांनी नवी करावी लागते. वाढ पुरी झाल्यावर, म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या पुढे, हाडात खिळे बसवून त्यावर पक्के दात लावण्याची सोय असते.

ते दोन टोकदार दात विचित्र दिसतात म्हणून कोणाच्या सांगण्यावरून उपटून टाकू नका. हिरडीखालचे हाड दातांच्या आधाराने उंच राहते. दात नसला की बांध ढासळावा तसे ते खचते. शिवाय कवळीला धरून ठेवायला तेच दोन खुंट कामी येतात. डॉक्टर त्यांच्यावर दातांच्या रंगाचा लेप चढवून त्यांना पटाशीसारखा आकारही देतात. या मुलांच्या तोंडात लाळ कमी असते, त्यामुळे कीड लवकर लागते. म्हणून ते दोन दात सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने, थोड्याशा फ्लोराईडच्या टूथपेस्टने घासावेत. तंबाखूचे मंजन, गुल, मशेरी त्याच्या आसपासही आणू नये.

तोवर खाण्याचे काय? हिरड्यांनीही लेकरे पुष्कळ चावतात. आपल्या घरातच त्याला हवे ते सगळे आहे. ज्वारीच्या मऊ कण्या, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकर, घट्ट वरण, शेंगदाण्याचे कूट घातलेली पातळ भाजी, उकडलेले अंडे, केळी. दात नाहीत म्हणून नुसत्या दुधावर आणि बिस्किटांवर ठेवू नका.

कोठे जायचे?

अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करायला सरकारी पथक येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे त्याचे नाव, 2013 पासून तो चालू आहे. त्या पथकाला किंवा गावातील आशाताईंना लेकरू दाखवा. तेथून जिल्ह्याला पाठवण्याची चिठ्ठी मिळते. हिवरखेडकरांना अकोट मार्गे अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय जवळ पडेल. तेथे बालरोग, कातडीचे आणि दातांचे अशा तिन्ही डॉक्टरांना दाखवावे. कवळीच्या कामासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. कवळीचे काम एका फेरीत होत नाही, हे मनात धरून पेरणी-वेचणीच्या मधल्या काळात जाण्याचा बेत करा.

पुढचे मूल हवे असेल तर त्याआधी रक्ताची जनुक तपासणी करून घ्यावी. घरातील नेमकी चूक कळली तर पुढच्या खेपेला गर्भावस्थेतच तपासता येते. एक आशेची बातमीही सांगतो. जर्मनीत एर्लांगेन येथील डॉक्टरांनी, जो निरोप पोचवणारा पदार्थ या मुलांत नसतो, तो तयार करून आईच्या पोटातील पाण्यात सुईने सोडला. अशा तीन मुलांची हकीकत 2018 साली छापून आली. त्यांतील दोघे जुळे होते. तिन्ही मुलांना जन्मल्यावर घाम येऊ लागला! हा इलाज अजून चाचणीच्या वाटेवर आहे, आपल्या दवाखान्यात मिळणारा नाही. पण डार्विनने ज्या कुटुंबाची नुसती नोंद केली, तशा कुटुंबांतील लेकरांना उद्या घामाचा थेंब मिळू शकेल, हे काही थोडे नाही.

आजीबाई, नातीला सांगून हे पत्र पाव्हण्यांसमोर एकदा मोठ्याने वाचायला लावा. मग सुनेला घेऊन दोघी मिळून लेकराला दवाखान्यात न्या. पहाटेच्या गाडीने निघा, ऊन चढायच्या आत पोचा. आणि जाताना पाण्याची बाटली व ओला गमछा विसरू नका.

काय झाले ते जरूर कळवा. पत्राची वाट पाहतो.